गाडीवर कोणी नव्हते

जबाब. तारीख १८ जानेवारी १९८८, सकाळी १०.४० वाजता लिहिण्यास सुरुवात.

माझे नाव यादव चिंधा सुरवाडे, वय ४९ वर्षे, शिक्षण सातवी पास, धंदा सायकल व बॅटरी दुरुस्ती, मूळ राहणार यावल तालुका, जिल्हा जळगाव, हल्ली राहणार देवपूर, धुळे. पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की,

मी देवपुरात माझी पत्नी द्रौपदाबाई हिच्यासह राहतो. घराच्या पुढच्या खोलीत माझे दुकान आहे. एकवीस वर्षांपासून मी सायकली दुरुस्त करतो आणि ट्रक-ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या चार्ज करून देतो. माझ्याविरुद्ध यापूर्वी कधी तक्रार झालेली नाही. ९ जानेवारी रोजी बाजारात ज्या दोन चाकांच्या गाडीमुळे तानुबाई नावाच्या बाई पडल्या आणि भाईदास शेठ यांच्या भांड्यांच्या दुकानाचे नुकसान झाले, ती गाडी मी बनवलेली आहे.

मला आज फक्त गाडीचा ब्रेक का लागला नाही एवढे सांगण्यासाठी बोलावले आहे. मला त्याहून जास्त सांगायचे आहे, आणि बोलणे जसे झाले तसे लिहून घ्यावे, अशी विनंती मी सुरुवातीलाच केली. त्यावर जबाब लिहून घेणारे पोलीस शिपाई वना म्हणाले, "भाऊ, थोडक्यात आटपा. हा कागद सरकारी आहे." पोलीस निरीक्षक साहेब म्हणाले, "बोलू द्या त्यांना."

ज्यांच्यासाठी मी ती गाडी बनवली त्या हवालदार जीवराम बोंडे यांना मी लहानपणापासून ओळखतो. आमचे गाव एक आहे. त्यांच्या वडिलांची केळीची बाग होती आणि माझे वडील त्यांच्याकडे केळीचे घड बैलगाडीत भरण्याचे काम करीत. माझे वडील त्यांच्या ओसरीच्या खाली बसत. हवालदार माझ्या दुकानात येतात तेव्हा माझ्याशेजारी एकाच बाकावर बसतात आणि आमच्या माठातले पाणी स्वतः घेऊन पितात. याबद्दल आमच्यात कधी बोलणे झालेले नाही.

दोन वर्षांपूर्वी बंदोबस्तावर असताना हवालदारांच्या उजव्या गुडघ्यावरून ट्रॉलीचे चाक गेले. तेव्हापासून त्यांचा गुडघा वाकत नाही. त्यांना सायकल मारता येत नाही, मोपेडला किक मारता येत नाही, आणि फर्लांगभरापेक्षा जास्त चालवत नाही. उभे मात्र राहता येते. त्यांना ठाण्यात टपाल नोंदवण्याचे बैठे काम दिले होते. त्याआधी ते चौदा वर्षे बाजाराच्या गस्तीवर होते. येत्या मार्च महिन्यात त्यांची वैद्यकीय तपासणी आहे. त्यात गस्तीला अपात्र ठरले तर नोकरी राहील की नाही ते सांगता येत नाही, असे त्यांनी मला सांगितले. त्यांची नोकरी अजून पाच वर्षे आहे. मागच्या दिवाळीच्या आधी ते दुकानात येऊन बसले आणि म्हणाले, "यादवभाऊ, खुर्चीत बसून बसून माह्या पाय बरा होईन की नाही ते माहीत नाही, पन मी बिघडीन."

त्यानंतर मी ही गाडी बनवायला घेतली. त्यांनी मला तसे सांगितले नव्हते.

गाडीची हकिकत अशी आहे. दोन चाके आहेत, ती सायकलसारखी एकामागे एक नसून बैलगाडीसारखी शेजारी शेजारी आहेत. मधे लोखंडी फळी आहे, तिच्यावर उभे राहायचे. समोर छातीपर्यंत एक दांडा आणि त्याला धरायला आडवी मूठ आहे. फळीखाली ट्रॅक्टरच्या दोन बॅटऱ्या आणि एक मोटार आहे. मोटार माल वाहण्याच्या जुन्या ट्रॉलीची असून मी ती भुसावळच्या भंगार बाजारातून घेतली. तिची पावती मी सोबत हजर केली आहे. गाडी पूर्ण कलंडू नये म्हणून पुढे आणि मागे एकेक लहान चाक आहे, ते जमिनीपासून चार बोटे वर राहते. फळीखाली पत्र्याच्या डब्यात गवंड्याचा ओळंबा टांगलेला आहे. फळी पुढे कलली की ओळंबा पुढच्या तांब्याच्या पट्टीला टेकतो, वीज सुरू होते आणि गाडी पुढे जाते. माणूस सरळ झाला की ओळंबा पट्टी सोडतो आणि गाडी थांबते. मागे कलले तर ब्रेक दाबला जातो. म्हणजे माणसाला पुढे जायचे असेल तर त्याने फक्त पुढे व्हायचे. पाय हलवायचे काम नाही. गाडी माणूस झपाझप चालेल इतकीच चालते, त्याहून जोरात चालत नाही.

येथे वना यांनी "हे डोक्यातून काढलं का कुठे पाहिलं?" असे विचारले. त्यावर सांगतो की, हे मी कुठे पाहिलेले नाही. माझ्या वडिलांकडून शिकलो. केळीची गाडी भरताना ओझे बरोबर आसावर आणावे लागते. मागे जास्त भरले तर गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. पुढे जास्त भरले तर ती धुरेवर जड होते आणि सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. माझे वडील घड ठेवता ठेवता एका बोटाने धुरा उचलून पाहत. बोटाने उचलली गेली म्हणजे गाडी बरोबर भरली. ते म्हणत, "वझं वाईट नसतं रे. वझ्याची जागा वाईट असते." मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा होतो. गाडी बनवताना मला हेच उपयोगी पडले. ओळंब्याची भर तेवढी माझी आहे.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गाडी तयार झाली. हवालदारांनी आठ दिवस माझ्या घरामागच्या मोकळ्या जागेत सराव केला. पहिल्या दिवशी ते चार वेळा उतरले, म्हणजे पडले. माझी पत्नी म्हणाली, "भाऊ, सरकारनं तुम्हाला एक गुडघा सोडलाय, तो तरी नीट ठेवा." ते म्हणाले, "वहिनी, हा यादवभाऊच्या हवाली केलाय." त्यानंतर त्यांनी त्या वेळच्या साहेबांना तोंडी विचारले. साहेब म्हणाले, "बाजारातच फिरवा, रस्त्यावर आणू नका, आणि मला काही विचारू नका." ते साहेब आता बदलून गेले आहेत. लेखी परवानगी घेतली नव्हती हे खरे आहे.

हवालदार १४ डिसेंबरपासून त्या गाडीवर बाजारात गस्त घालू लागले. फळीवर उभे राहिल्यामुळे ते गर्दीत हातभर उंच दिसत आणि त्यांनाही बाजाराचे दुसरे टोक दिसे. पहिल्याच आठवड्यात एक खिसेकापू सापडला. त्याला पकडताना धावावे लागले नाही. हवालदार त्याच्याकडे येऊ लागले तेव्हा तो पळण्याऐवजी गाडीकडे बघत उभा राहिला. पकडल्यावर त्याने हवालदारांना विचारले, "आबा, हिला चाकं दोनच आहेत का?" हे मी हवालदारांच्या तोंडून ऐकले आहे. ते सांगताना ते पुष्कळ हसले.

आता मी ती गोष्ट सांगतो जी मला कोणी विचारलेली नाही.

डिसेंबरच्या शेवटी मी गाडीच्या दांड्याला पुढच्या बाजूने एक लोखंडी आकडा वेल्डिंग करून बसवला. हवालदारांना काठी आणि जेवणाचा डबा ठेवायला जागा नव्हती म्हणून बसवला. काठी हलकी असते, डबाही हलका असतो. आकडा आसाच्या पुढे वीतभर येतो हे मला दिसत होते. मी बोटाने उचलून पाहिले नाही.

बाजारातल्या बायका त्या आकड्याला पिशव्या अडकवू लागल्या. आपल्याकडे उभ्या सायकलला ओळखीचा माणूस पिशवी अडकवतोच, आणि ही तर पोलिसाची गाडी. तिथून पिशवी कोणी चोरणार नाही, असा बायकांचा हिशेब होता. मेथी, कोथिंबीर, पोराचे टोपडे असे काहीबाही टांगून त्या पुढच्या दुकानात जात आणि येताना घेऊन जात. मी हवालदारांना एकदा म्हणालो, "भाऊ, हा आकडा काठीसाठी आहे." ते म्हणाले, "जाऊ दे ना यादवभाऊ. चौदा वर्षं लोक मले पाहून पिशव्या लपवत होते. आता आनून देता." मी आकडा तसाच राहू दिला.

९ जानेवारी रोजी सकाळी सव्वाअकराच्या सुमारास मी दुकानात होतो. घटना मी पाहिलेली नाही. बाराच्या आधी एक सायकलवाला सांगत आला की तुझी गाडी भांड्यांच्या दुकानात शिरली. मी गेलो तेव्हा भाईदास शेठ यांची स्टीलची भांडी रस्त्यावर लांबपर्यंत पसरली होती. त्यांत गाडी आडवी होती, तिची चावी चालूच होती आणि एक चाक अजून फिरत होते. तानुबाईंना रिक्षात घालून दवाखान्यात नेले होते. हवालदार दुकानाच्या पायरीवर बसले होते. त्यांची टोपी त्यांच्या हातात होती. मी जवळ गेलो तेव्हा ते म्हणाले, "मी वर नव्हतो, यादवभाऊ." मी विचारले, "मग कोण होते?" ते म्हणाले, "कोनीच नव्हतं."

त्यांचे म्हणणे असे होते. बकरीच्या सौद्यावरून दोन माणसांची हातघाई झाली म्हणून ते गाडीवरून उतरले. गाडी नेहमीप्रमाणे मागच्या लहान चाकावर टेकवून ठेवली. चावी काढली नाही, कारण दोन मिनिटांचे काम होते. पाठ फिरवून ते भांडण सोडवत असताना भांड्यांचा आवाज झाला. चावी काढली नाही हे त्यांनी त्याच दिवशी स्वतः लिहून दिले आहे.

भाईदास शेठ यांनी तक्रार दिली की हवालदार बोंडे यांनी विनानंबरची मोटारगाडी भरधाव चालवून एका म्हाताऱ्या बाईला पाडले आणि दुकानात घातली. ते दुकानात पातेल्यांच्या उतरंडीमागे बसलेले होते. पातेल्यांच्या फटीतून आपल्याला चाके दिसली आणि पोलीस घाईने येताना दिसला, असे त्यांचे म्हणणे आहे. हवालदारांचे म्हणणे कोणी खरे मानले नाही. बाजारात लोक म्हणू लागले, हवालदार पिऊन होता. हवालदार माळकरी आहेत. त्यांनी कधी विडीसुद्धा ओढलेली नाही. त्या दिवसापासून त्यांना वर्दी घालून येऊ नका असे सांगण्यात आले आणि गाडी ठाण्याच्या आवारात कडुनिंबाखाली साखळी लावून ठेवण्यात आली.

१३ जानेवारी रोजी मोटार वाहन खात्याचे एक साहेब गाडी तपासायला आले. मला बोलावले होते. त्यांच्याकडे छापील तक्ता होता. त्यांनी विचारले, "इंजिन नंबर?" मी म्हणालो, "इंजिन नाही, साहेब." "मग सी.सी. किती?" "सी.सी. नाही. चोवीस व्होल्ट आहे." त्यांनी आडवी रेघ मारली. मग गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "चाकं शेजारी शेजारी, म्हणजे मोटारसायकल नाही. तीन नाहीत, म्हणजे रिक्षा नाही. हातगाडी म्हणावी तर कोणी ढकलत नाही. ही पडत कशी नाही?" मी म्हणालो, "साहेब, ती पडायला लागते म्हणूनच चालते. चालली की पडत नाही." त्यांनी पेनाला टोपण लावले आणि "वरून मार्गदर्शन मागवतो" असे सांगून ते गेले. तक्त्यात सगळ्या रकान्यांत आडव्या रेघा आहेत. त्याची नक्कल ठाण्यात आहे.

९ तारखेपासून आजपर्यंत मी दुकान रोज उघडले. गाडी आपोआप कशी चालली याचाच विचार करीत होतो. मला वाटत होते की ओळंब्याच्या डब्याचा जोड माझ्या हातून कच्चा राहिला आणि ओळंबा पट्टीला चिकटून बसला. तसे असेल तर चूक माझी आणि शिक्षा हवालदारांना, असे होणार होते. साखळी असल्यामुळे डबा उघडून बघता येत नव्हता. पत्नीने दोन वेळा विचारले की जेवत का नाही, तेव्हा मी "पोट बरे नाही" असे सांगितले. ते खरे नव्हते. ही बाब प्रकरणाशी संबंधित नाही, लिहू नये, असे वना यांचे म्हणणे पडले. मी ती राहू द्यावी असे म्हणालो. मी रोज सकाळी पंचशील म्हणतो. त्यात चौथे शील खोटे न बोलण्याचे आहे. या दिवसांत ते म्हणताना मला थांबावे लागत होते.

आज सकाळी जबाबाआधी साहेबांनी ९ तारखेचा पंचनामा मला वाचून दाखवण्यास वना यांना सांगितले, गाडीचे वर्णन बरोबर आहे का ते बघण्यासाठी. वना यांनी वाचला. त्यात दुकानातून रस्त्यावर पडलेल्या मालाची यादी आहे. पातेली, परात, तांबे, पिंप, झारे, अशी ती यादी आहे आणि शेवटी "कापडी पिशवीत एक दगडी वरवंटा, नवा" असे आहे. मी वना यांना ते परत वाचायला सांगितले. त्यांनी वाचले. मी म्हणालो, "भाईदास शेठ फक्त स्टीलची भांडी विकतात. दगडाचे सामान पाथरवट विकतात, ते बाजाराच्या दुसऱ्या टोकाला बसतात." वना म्हणाले, "असेल घरचा." मी म्हणालो, "दुकानात कोणी मसाला वाटत नाही."

त्यावर साहेबांनी माझ्याकडे पाहिले. तेव्हाच मी आकड्याची गोष्ट सांगायची ठरवली आणि ती वर सांगितली आहे.

(येथे ११.५० वाजता जबाब थांबवून गाडीची साखळी काढण्यात आली. यापुढील मजकूर १.१५ नंतर लिहिला आहे.)

साहेबांनी गाडी आवाराच्या मधोमध आणवली. भाईदास शेठ यांना दुकानातून बोलावून घेतले. हवालदार बोंडे साध्या कपड्यांत फाटकापाशी उभे होते, त्यांनाही बोलावले. बॅटऱ्या उतरलेल्या होत्या, त्या मी दुकानातून बदलून आणल्या. आधी मी ओळंब्याचा डबा सर्वांसमोर उघडला. जोड पक्का होता. ओळंबा मोकळा हलत होता. हे लिहिताना वना यांनी "पक्का म्हणजे किती?" असे विचारले. मी सांगितले की मी दोन्ही हातांनी ओढून पाहिले.

मग गाडी मागच्या लहान चाकावर टेकवली, चावी चालू केली आणि सगळे बाजूला झाले. गाडी जागेवर राहिली. साहेबांनी पाच मिनिटे घड्याळ लावून पाहिले. भाईदास शेठ म्हणाले, "बघा. मी काय सांगत होतो? माणसाशिवाय चालत नाही."

नंतर साहेबांनी मुद्देमालातून ती पिशवी आणवली आणि स्वतःच्या हाताने आकड्याला टांगली. गाडी हळूहळू पुढे वाकली, जसा माणूस खाली पडलेली वस्तू बघायला वाकतो. पुढचे लहान चाक जमिनीला टेकले आणि ती चालू लागली. तिच्यावर कोणी नव्हते. ती सरळ फाटकाच्या दिशेने निघाली. वाटेत साहेबांची खुर्ची मांडलेली होती, ती तिने पाडली. वना तिच्यामागे धावले. धावता धावता त्यांनी, "अहो थांबा! थांबा!" असे म्हटले. ते गाडीला अहोजाहो करीत होते. भाईदास शेठ भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि म्हणाले, "अरे, ही तर चालली की! हिच्यावर कोणी नाही!" हवालदारांनी पुढे होऊन मूठ धरली आणि पिशवी काढून घेतली. गाडी लगेच थांबली.

वना यांनी पडलेली खुर्ची उचलून जागेवर ठेवली.

साहेबांनी विचारले की पिशवी कोणाची. त्या वेळी तानुबाई आपल्या सुनेसह, म्हणजे बेबाबाई हिच्यासह, व्हरांड्याच्या बाकावर बसलेल्या होत्या. त्यांचाही जबाब आज आहे. दवाखान्यात त्यांची हाडे तपासली, काही मोडलेले नाही, मुका मार होता, तो आता बरा आहे. त्या उठून पुढे आल्या आणि म्हणाल्या, "ती पिशवी मन्ही शे, साहेब." साहेबांनी विचारले की गाडीला का टांगली. त्या म्हणाल्या, "पोलिसनी गाडी शे, तिले कोन हात लावस? म्हनीसन टांगी. वरवंटा जड शे, हात दुखी ऱ्हायंता. मी बांगड्यासकडे वळनू, तं गाडी चालनी! मन्ही पिशवी लई चालनी! मी मांगे जाईसन पिशवी धरी, तं मलेच वढी लई गई. मी सोडी नही." साहेबांनी विचारले, "सोडली का नाही?" त्या म्हणाल्या, "नवा वरवंटा व्हता ना."

हे त्यांनी नऊ दिवस का सांगितले नाही असे विचारता त्या म्हणाल्या, "मले वाटनं दंड व्हई. दवाखानामा बठ्ठा लोक बोलेत, पोलिसनी पाडी. मी म्हनू, आपन कसाले बोलो." मग त्या हवालदारांकडे वळल्या आणि सगळा दोष स्वतःकडे घेत म्हणाल्या, "भाऊ, बठ्ठी चूक मन्ही शे." हवालदार म्हणाले, "नाही अक्का, चावी मी ठेवली होती." मी म्हणालो की आकडा मी बसवला होता. साहेब म्हणाले, "एकेक जण बोला. आधी कोणी कबूल होत नव्हतं, आता तिघं झाले."

भाईदास शेठ यांनी आपण होऊन सांगितले की गाडी चालवताना हवालदारांना आपण पाहिले नव्हते, फक्त मागाहून लंगडत आलेले पाहिले, आणि तसे ते आज वेगळे लिहून देणार आहेत. हवालदार प्यालेले होते असे आपण कधी म्हटले नाही, असेही ते म्हणाले. त्यांनी म्हटले नव्हते हे खरे आहे. जाताना ते मला म्हणाले, "यादवभाऊ, नुकसान झालं ते झालं. पण सगळा बाजार माझ्यावर हसला ना, म्हणून रागात लिहिलं." मी त्यांची पोचे पडलेली पातेली ठोकून सरळ करून देण्याचे कबूल केले आहे. त्यांनी "आणून देतो" असे सांगितले.

गाडीबाबत साहेबांनी मला व हवालदारांना सांगितले ते असे की, ती कोणत्या प्रकारात बसते याचा वरून निर्णय येईपर्यंत ती रस्त्यावर आणायची नाही. आवारात सराव करण्यास हरकत नाही. गाडीवरून उतरताना चावी काढून खिशात ठेवायची. घंटी बसवायची. आकडा काढून टाकायचा आणि पुढे "येथे काही टांगू नये" अशी पाटी लावायची. भरधाव चालवल्याचा ठपका राहत नाही, असा अहवाल ते आज पाठवणार आहेत. मार्चच्या तपासणीच्या वेळी ही गाडी डॉक्टरांना दाखवावी, असे आपण त्यात लिहू, असेही ते म्हणाले. निर्णय काय येईल ते आज सांगता येत नाही, हे मला समजले आहे. हवालदारांना उद्यापासून वर्दी घालून येण्यास सांगितले. हे ऐकल्यावर हवालदार कडुनिंबाखाली गेले आणि बराच वेळ माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. मी तिकडे गेलो नाही.

आकडा मी साहेबांसमोर करवतीने कापला आणि वना यांच्या ताब्यात दिला. त्यांनी त्याची नोंद केली. कापल्यावर दांडा एका बोटाने उचलून पाहिला. उचलला गेला.

वरवंटा पावतीवर अंगठा घेऊन तानुबाईंना परत दिला. त्या फाटकापर्यंत गेल्या आणि परत वळून हवालदारांना म्हणाल्या, "भाऊ, आते पिशवी कोठे टांगू?" हवालदारांनी ती त्यांच्या हातातून घेतली आणि स्वतःच्या खांद्याला अडकवली. बस थांबा ठाण्यापासून फर्लांगभर आहे. ते त्यांना बसपर्यंत सोडून पायी परत आले. त्यांना वेळ लागला. तेवढ्यासाठी जबाब वाचणे थांबवले होते.

वरील जबाब मी सांगितला तसा लिहिला असून तो वना यांनी मला मराठीत सावकाश वाचून दाखवला. वाचताना एक ओळ राहून गेल्याचे मला आढळले. गाडी साहेबांची खुर्ची पाडून फाटकाकडे निघाली आणि वना "अहो थांबा" म्हणत तिच्यामागे धावले, तेव्हा हवालदार जीवराम बोंडे हसले. ९ तारखेपासून त्यांना हसताना मी प्रथमच पाहिले. ही ओळ घालणे जरूर नाही, असे वना यांचे म्हणणे होते. ती मी घालून घेतली आहे. आता हा जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर व पूर्ण आहे.

सही — यादव चिंधा सुरवाडे
समक्ष, दुपारी ३.३० वाजता